दोन्या नेरेचं सॉरी

दोन्या नेरेइदा पोलांको माझ्या वर्गात आली तेव्हा तिला इंग्रजीतले अकरा शब्द येत होते आणि त्यातली तीन साबणांची नावं होती. वय एकोणपन्नास, म्हणून आमच्याकडच्या रीतीने ‘दोन्या’, म्हणजे बाई. पुएर्तो प्लाताच्या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात बावीस वर्षं खोल्या साफ करून तिचे गुडघे कामातून गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. पहिल्या दिवशी ती सगळ्यांत पुढच्या बाकावर बसली, माझ्या टेबलावरून एक बोट फिरवलं, बोटावरची धूळ मला दाखवली आणि मगच वही उघडली.

मी व्यवसाय-शिक्षणाच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. कॉलेज आपलं म्हणायला. खालच्या मजल्यावर वेल्डिंग, मधल्या मजल्यावर केस कापायचा वर्ग आणि पत्र्याखाली आम्ही. वेल्डिंगवाल्यांनी मशीन सुरू केलं की माझा भूतकाळ कुणाला ऐकू जात नाही. माझं स्वतःचं इंग्रजी ब्रॉन्क्समधल्या एका खानावळीच्या मोरीत सात वर्षं भांडी घासून मिळवलेलं आहे. त्यामुळे शिव्या अस्खलित, व्याकरण जेमतेम. पण गावात माझ्याहून बरं इंग्रजी येणारा प्रत्येक माणूस विमानात बसून निघून जातो, म्हणून मी प्रोफेसर.

नेरे आली ती हौसेने नाही. सहा वर्षं ती हॉटेलच्या तिसऱ्या मजल्याची सुपरवायझर होती, पण कागदोपत्री ‘तात्पुरती’. चौदा पोरी तिच्या हाताखाली. त्या वर्षी हॉटेलात नवे साहेब आले आणि त्यांनी फतवा काढला, की एक डिसेंबरपर्यंत ज्याच्याकडे इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचा दाखला असेल तोच सुपरवायझर. दाखला नसेल त्याने इस्त्रीच्या खोलीत जावं. नेरेच्या जागेसाठी स्कार्लिन नावाची बावीस वर्षांची मुलगी तयारच होती. ती कॉल सेंटरमधून आलेली, ‘ओ माय गॉड’ असं काही म्हणायची की तिच्या नाकात साक्षात मायामी उतरायची. पलंगाच्या चादरीचा कोपरा मात्र तिला मरेपर्यंत दुमडता आला नसता.

“प्रोफे,” नेरे म्हणाली, “माझ्याकडे चार महिने आहेत. तुमच्याकडे जेवढं इंग्रजी असेल तेवढं सगळं द्या. हातचं राखू नका.”

“दोन्या नेरे, माझ्याकडे चार महिन्यांचं नाही हो. दोनच महिन्यांचं आहे.”

“मग तेच दोनदा शिकवा.”

आता तिच्या इंग्रजीची खरी अडचण सांगतो, कारण ती फक्त आमच्याच लोकांची होऊ शकते. आमच्या बेटावर स्पॅनिश बोलताना शब्दाच्या शेवटचा ‘स’ कुणी उच्चारत नाही. तो अक्षरात असतो, शाळेत असतो, तोंडात नसतो. पण एखाद्याला साहेबी थाटात बोलायची खुमखुमी आली, की तो गिळलेले सगळे स एकदम बाहेर काढतो आणि दिसेल त्या शब्दाला चिकटवतो. ‘फिनो’ म्हणजे नाजूक, उच्चभ्रू. अशा बोलण्याला आम्ही ‘फिस्नो’ म्हणतो, त्यातही एक स घुसडून. बँकेत कर्ज मागताना, होणाऱ्या सासूशी बोलताना आणि पोलिसाने अडवल्यावर आम्ही सगळे फिस्नो होतो.

इंग्रजीत तर सगळी मेख त्या शेवटच्या स मध्येच. ‘शी वर्क’ म्हटलं की मी ओरडायचो, “स कुठे गेला?” पहिला महिनाभर मी हेच ओरडलो. खालच्या केस कापायच्या वर्गातली मुलंसुद्धा जिन्यात मला बघून “प्रोफे, स कुठे गेला?” म्हणायला लागली. दुसऱ्या महिन्यात नेरेने तो शोधून काढला आणि मग मात्र पोत्याने आणला.

“हॅलोस. माय नेम्स इज नेरेइदास. आय क्लीन्स द रूम्स अँड आय लाइक्स माय जॉब्स.”

“दोन्या नेरे, एवढे नकोत.”

“असू द्या. जे जास्त होतील ते परीक्षक काढून घेईल. कमी पडले तर मी कुणाकडे मागायला जाऊ?”

खरं सांगायचं तर मला ती बाई पहिल्यापासून आवडायची आणि तिची भीतीही वाटायची. पाच वाजता वर्ग असे. ती चार वाजता ड्यूटी संपवून मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून यायची, अंगाला क्लोरीनचा वास, पिशवीत डबा. वर्ग सुरू व्हायच्या आधी उकडलेल्या केळ्याचा लगदा आणि तळलेलं चीज उभ्याउभ्या खायची. मला विचारायची, “जेवलात?” मी हो म्हटलं तरी एक तुकडा हातावर ठेवायची. नवरा पंधरा वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेला तो तिकडचाच झाला. त्याबद्दल ती एकच वाक्य बोलायची, “इंग्रजीने माझा एक माणूस आधीच नेलाय. आता नोकरी नेऊ देणार नाही.”

घोकायची तिची रीत वेगळीच होती. चादर झटकताना एक क्रियापद, उशीला खोळ घालताना दुसरं. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरी तिच्यामागून तेच म्हणत. एकदा एक जर्मन पाहुणा पहाटे पहाटे खोलीबाहेर आला, तर चौदा बायका मोठ्याने ‘गो, वेन्ट, गॉन’ करत कॉरिडॉरमधून येताना दिसल्या. तो मुकाट्याने आत गेला आणि त्याने दाराची कडी लावली म्हणे.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी परीक्षा झाली. राजधानीहून उबिएरा नावाचे परीक्षक आले. एवढ्या उकाड्यात टाय लावून. त्यांच्या हातात छापील कागद होता आणि त्यावर चार रकाने: उच्चार, व्याकरण, शब्द, सौजन्य. प्रत्येकाला पंचवीस गुण, सत्तरला पास. मला कोपऱ्यात बसायची परवानगी होती, तोंड उघडायची नव्हती.

सुरुवात ठीक झाली. नाव, गाव, कामाचे तास. सगळ्या शब्दांना स ची शेपटी लागलेली, पण कळत होतं. मग उबिएरांनी विचारलं, लिफ्ट कुठे आहे. नेरे म्हणाली, “द एलिव्हेटर्स इज देअर,” आणि ओठांचा चंबू करून उजवीकडे दाखवलं. आमच्याकडे दिशा ओठांनीच दाखवतात. हात मोकळे कुणाचे असतात? उबिएरासुद्धा आमच्याच मातीतले, त्यांनी चटकन तिकडे वळून बघितलं. तिथे भिंत होती. ते स्वतःवरच चिडले आणि त्यांनी कागदावर काहीतरी वजा केलं.

मग शेवटचा प्रश्न. परीक्षक पाहुणा होतो आणि तक्रार करतो. उबिएरांनी टेबलावर हात आपटला आणि इंग्रजीत म्हणाले, “माझं घड्याळ चोरीला गेलंय! तुमच्या त्या मोलकरणीने घेतलंय!”

याचं उत्तर पुस्तकात नवव्या धड्यात आहे. मी ते वर्गाकडून तीस वेळा म्हणवून घेतलं होतं: आय ॲम व्हेरी सॉरी, सर, मी तिच्याशी बोलते. नेरेने तीसच्या तीस वेळा नुसतेच ओठ हलवले असावेत, ते माझ्या आत्ता लक्षात आलं.

ती म्हणाली, “नो.”

उबिएरांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा हात आपटला.

“नो सॉरी,” नेरे म्हणाली. “माय गर्ल्स नो स्टील्स. यू लुक्स इन युवर पँट.”

निकाल तिथेच लागला. पन्नास. उच्चार बरे, शब्द उत्तम, सौजन्याच्या रकान्यात भलं मोठं शून्य. दोन आठवड्यांनी एक संधी आणखी, ती शेवटची. उबिएरा जाता जाता मला म्हणाले, “प्रोफेसर, तुमच्या विद्यार्थिनीला निदान माफी तरी मागायला शिकवा.”

मी रागाने लालबुंद झालो होतो. जिन्यात तिला गाठलं आणि सगळा मानपान विसरून ओरडलो, “तीन शब्द! तीन शब्द म्हणायचे होते, बाई! तीन महिने माझं डोकं खाल्लंत आणि तीन शब्दांसाठी जागा त्या नाकातून बोलणाऱ्या पोरीला देऊन टाकता?”

ती पायरीवर बसली. गुडघे चोळले. मग म्हणाली, “आधी मला एक सांग. हे सॉरी म्हणजे आपलं ‘लो सिएन्तो’ की आपलं ‘पेर्दोन’?”

“दोन्ही.”

“दोन्ही कसं असेल, लेकरा? लो सिएन्तो मयताला जाऊन म्हणतात. मला तुझ्यासाठी वाईट वाटतंय, एवढंच. पेर्दोन म्हणजे चूक माझी. यातलं कुठलं?”

“अहो, इंग्रजीत एकच शब्द आहे. ऐकणाऱ्याला जे हवं ते तो घेतो.”

“तेच,” ती म्हणाली. “तेच झालं होतं.”

आणि मग तिने मला युदेल्काची गोष्ट सांगितली. चार वर्षांपूर्वीची. युदेल्का तिच्या पोरींपैकी सगळ्यांत चलाख, चोवीस वर्षांची, एका मुलीची आई. तीनशे बारा नंबरच्या खोलीतल्या पाहुणीचं सोन्याचं कडं हरवलं. पाहुणी, तेव्हाचा मॅनेजर आणि एक वॉचमन, तिघांनी युदेल्काची पिशवी पलंगावर उपडी केली. त्यातून एक कंगवा निघाला, अर्धा खाल्लेला पाव निघाला आणि मुलीचा एक मोजा. कडं नाही निघालं. युदेल्का भिंतीला टेकून रडत होती. मॅनेजरने नेरेला कोपराने ढोसलं, काहीतरी बोल म्हणून. पाहुणीला स्पॅनिश येत नव्हतं.

“मला तेव्हा इंग्रजीतला तो एकच शब्द येत होता,” नेरे म्हणाली. “मी युदेल्काकडे बघून म्हटला. सॉरी. तिला म्हटलं मी ते. लो सिएन्तो, पोरी, तुझी ही दशा बघवत नाही. पण ती गोरी बाई टाळी वाजवून म्हणाली, बघा! हिची वरिष्ठच कबूल करतेय! आणि युदेल्कालाही तो शब्द येत होता. तिने माझ्याकडे असं बघितलं...”

त्याच दुपारी युदेल्काला काढलं. तीन दिवसांनी कडं पाहुणीच्याच मुलाच्या वाळूच्या बादलीत सापडलं. बाई टेबलावर एक नोट ठेवून विमानतळावर गेली. युदेल्काला परत बोलवा म्हणून नेरे मॅनेजरकडे गेली, तर तो म्हणाला, आता ती मनात राग धरून काम करेल, नको. तात्पुरत्या सुपरवायझरचं ऐकतंय कोण? कायमची असती तर निदान माणसं घ्यायची सही तिची असती.

“म्हणून मला ती जागा हवीय,” ती म्हणाली. “पगारात फरक आहे, तो काय, बुटांना पुरेल. पण पुन्हा असं होईल ना, आणि होणारच, तेव्हा त्या पाहुण्यासमोर स्कार्लिन उभी असेल आणि तिला तर सॉरी फारच छान म्हणता येतं.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला स्वतःचीच लाज वाटली. मी तीस वेळा म्हणवून घेतलं होतं तिच्याकडून. पण लाज वाटून दाखला मिळत नाही. मी म्हटलं, “दोन्या नेरे, सौजन्याच्या रकान्यात त्यांना तो शब्द ऐकायचाय. त्याशिवाय गुण मिळणार नाहीत. तो कुणाला म्हणायचा हे कागदावर कुठेही लिहिलेलं नाही.”

ती गुडघे धरून उठली. मग म्हणाली, “एखादं बरं पुस्तक वापरत जा, लेकरा,” आणि निघून गेली.

पुढचे दोन आठवडे ती वर्गात कमी बोलली. फक्त एकदा ‘आय ॲम’चा भूतकाळ विचारला. वेल्डिंग चालू होतं म्हणून मी तो तिच्या कानाशी जाऊन सांगितला.

दुसऱ्या परीक्षेला उबिएरा तोच टाय लावून आले. नाव, गाव, कामाचे तास. स त्याच उदारपणे वाटले गेले. लिफ्ट विचारल्यावर मात्र तिने हाताने दाखवली, पण आधी ओठ निघालेच होते, ते तिने दुसऱ्या हाताने दाबून धरले. मग टेबलावर हात आपटला गेला. घड्याळ, मोलकरीण, चोरी. तेच. एवढ्या लांबून येऊन माणसाने प्रश्न तरी बदलावा, पण नाही.

नेरे उभी राहिली. उबिएरांच्या शेजारी एक रिकामी खुर्ची होती. ती त्या खुर्चीकडे वळली.

“आय ॲम सॉरी,” ती म्हणाली. एकही जास्तीचा स नाही. “आय ॲम सॉरी, युदेल्का. आय वॉज अफ्रेड. आय वॉज नॉट युवर फ्रेंड.”

वेल्डिंगचं मशीन नेमकं बंद होतं. मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पाण्याची टाकी होती.

मग ती उबिएरांकडे वळली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “अँड नाऊ, सर, वी लुक्स फॉर युवर वॉच. टुगेदर. फर्स्ट, युवर पँट.”

उबिएरांनी पेन थांबवलं. नियमाने मी बोलायचं नव्हतं, पण त्यांनीच वळून मला आमच्या भाषेत विचारलं, “ही युदेल्का कोण?”

“नववा धडा,” मी म्हटलं. “मोलकरणीचं नाव. नवीन आवृत्तीत आहे.”

माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यांत स्वच्छ खोटं. उबिएरांनी मान हलवली, जणू नवीन आवृत्ती त्यांच्या उशाशीच असते, आणि शेवटच्या रकान्यात पंचवीस लिहिले. बाकीच्या रकान्यांत स नी घात केला होता. बेरीज चौऱ्याहत्तर. पास.

तिसऱ्या मजल्यावर त्या दिवशी आनंदाच्या भरात कुठलीच खोली वेळेवर तयार झाली नाही असं ऐकलं. स्कार्लिनला रिसेप्शनवर पाठवलं. तिथे ती शोभते आणि चादरीही सुरक्षित आहेत. नेरेच्या नावापुढचं ‘तात्पुरती’ गेलं आणि माणसं घ्यायच्या कागदावर तिची सही चालायला लागली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली, ठेवणीतला झगा घालून. “चल,” म्हणाली.

“कुठे?”

“तो शब्द कुणाला म्हणायचा ते तू दाखवलंस. तूही ये.”

युदेल्का किनाऱ्याच्या रस्त्यावर छत्रीखाली यानिकेके तळायची. पातळ, मोठ्या, कुरकुरीत पुऱ्या असतात त्या. तिने आम्हाला लांबूनच पाहिलं असणार, कारण आम्ही जवळ गेलो तेव्हा तिने मान वर केली नाही. नेरे कढईसमोर जाऊन उभी राहिली आणि घाईघाईने म्हणाली, “तिसऱ्या मजल्यावर जागा आहे. कायमची. सही माझी आहे. सोमवारी ये. आणि, युदेल्का, सॉरी.”

युदेल्काने झारा थांबवला. “सॉरी? तेच का, त्या वेळचंच?”

“नाही गं, हे दुसरं...”

“मला तुमचं इंग्रजी नको, दोन्या नेरे. एकदा ऐकलंय. आणि नोकरीत गुंडाळून तर नकोच. आपल्या भाषेत बोला.”

नेरेने तोंड उघडलं. “लो सि...”

“ते नको,” युदेल्का म्हणाली. “इथे कुणी मेलेलं नाही.”

चौऱ्याहत्तर गुणांची बाई, राजधानीच्या परीक्षकाला पँट शोधायला लावणारी, पण लहानपणापासून येणारा तो एक ‘पेर्दोन’ तिच्या ओठांवर येईना. गिऱ्हाईक आलं आणि गेलं. युदेल्काने दोन यानिकेके उलटल्या, काढल्या, नवीन दोन सोडल्या. तिने घाई केली नाही आणि मदतही केली नाही. मला वाटलं आपण काहीतरी बोलावं. माझं नशीब की मी बोललो नाही.

“मला माफ कर, पोरी,” नेरे अखेर म्हणाली. “चूक माझी होती. मला ती बाई ओरडेल याची भीती वाटली आणि मी तुझी बाजू घेतली नाही. माझी चूक होती.”

युदेल्काने कढईतली पुरी काढली, कागदावर ठेवली आणि कागद नेरेपुढे धरला.

“गरम आहे,” ती म्हणाली.

नेरेने कागद बाजूला सारला, ती पुरी दोन्ही हातांत घेतली आणि चटके बसत असतानाही घट्ट धरून ठेवली.